अस्थिकलशाचे समुद्रोल्लंघन

अमरावती शहर मागे टाकून नागपूरच्या दिशेने निघालेला महामार्ग नांदगाव पेठेशी पोहोचतो, तेथे आज औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि औष्णिक विद्युत्केंद्राची उंच धुराडी प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेतात; परंतु या मार्गाकडे जो केवळ मालवाहतुकीची वाट म्हणून न पाहता वऱ्हाडच्या लोकजीवनाची जुनी वहिवाट म्हणून पाहील, त्याला गेल्या दीड शतकात येथे घडून आलेला एक विलक्षण पालट दिसल्यावाचून राहणार नाही. एके काळी ऐपतदार घरांतील मृतांच्या अस्थी नागपूर, जबलपूर, मिर्झापूर अशा मजला मारीत गंगेकडे जात. आज अमेरिकेत, इंग्लंडात वा ऑस्ट्रेलियात देह ठेवलेल्या वऱ्हाडी माणसाची रक्षा विमानाने मुंबईस वा दिल्लीस, तेथून नागपुरास उतरते आणि त्याच रस्त्याने उलट दिशेस येऊन वर्धेच्या किंवा पूर्णेच्या पात्रात विसर्जित होते. ज्या मुलखातून अस्थी बाहेर जात असत, त्याच मुलखाकडे त्या आता बाहेरून येऊ लागल्या, हा पालट कसा घडला याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

गावाकडील विधी अजूनही साधाच आहे. दहनानंतर बहुधा तिसऱ्या दिवशी सोयरेधायरे राख सावडावयास जातात. चितेवर पाणी, दूध, गोमूत्र शिंपडून ती निववितात, आणि मग पायाकडून मस्तकाकडे सरकत हाडांचे लहान लहान तुकडे हाताने वेचून मडक्यात भरतात. मडक्याच्या तोंडाला पांढरे फडके बांधले जाते, आणि ते घराच्या उंबरठ्याच्या आत न नेता झाडाच्या फांदीला किंवा गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवले जाते. पुढे कोणी अस्थी कौंडण्यपूरला शिरवतात, कोणी ऋणमोचनला, कोणी नाशिकच्या रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात. या सर्व क्रियेत कोणत्याही सरकारी कागदाला स्थान नव्हते. अस्थी कोणाच्या, हे सांगावयास वेचणाराचे हात पुरेसे होते.

सगरपुत्रांच्या राखेसाठी भगीरथाने गंगा भूमीवर आणली अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेत नदी राखेपाशी आली; व्यवहारात मात्र राखेलाच नदीपाशी जावे लागले, आणि वऱ्हाडातून गंगेपर्यंतचा पल्ला महिन्यांचा होता. तो संपविला तो आगगाडीने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग बडनेऱ्यावरून जाऊन 1867 साली नागपूरला भिडला. 1870 च्या मार्च महिन्यात भुसावळकडून गेलेला फाटा जबलपुरी ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला, आणि मुंबई ते कलकत्ता हा अखंड मार्ग सुरू झाला. ज्या प्रवासासाठी घराण्यातील एखादा पुरुष निरवानिरव करून निघत असे, तो मध्यम स्थितीतील शेतकऱ्याच्याही आटोक्यात आला. काशीच्या, गयेच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वऱ्हाडी कुळांची नावे चढत गेली. तो भक्तीचा जसा परिणाम, तसाच तो तिकिटाचाही परिणाम होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

योगायोग असा की, ज्या 1870 साली काशी वऱ्हाडच्या जवळ आली, त्याच साली एका मराठी राजाच्या अस्थींचा प्रश्न युरोपच्या भूमीवर उभा राहिला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात निवर्तले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होती, आणि दहनाची तेथे मुभा नव्हती. नगरपालिकेकडून खास परवानगी मिळवून कॅसिने उद्यानाच्या टोकाशी, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी चिता रचण्यात आली. स्थळाची निवड संगमाची व्हावी, यात बरोबरच्या मराठी मंडळींचा केवढा आग्रह आणि केवढी समज होती याचा विचार मनात आला की मी थक्क होतो. परमुलखात, परभाषेत, मध्यरात्री त्यांनी आपला प्रयाग शोधून काढला. रक्षेचा काही भाग आर्नोला अर्पण झाला आणि उरलेली गंगेसाठी राखून ठेवण्यात आली. पुढे 1874 साली त्या जागी महाराजांचे स्मारक उभे राहिले, आणि फ्लॉरेन्सकरांच्या तोंडी त्या भागाला 'इंडियानो' हेच नाव रुळले.

समुद्रयान हे कलिवर्ज्यांत गणले गेले होते. दर्या ओलांडून आलेल्या जिवंत माणसाला प्रायश्चित्तावाचून पंक्तीत घेत नसत. अस्थींना मात्र हा निषेध कोणी लावला नाही. जिवंतपणी ज्याने धर्मशास्त्राचा रोष ओढवून घेतला असता, त्याच्या मरणोत्तर अवशेषांचे गंगेने स्वागतच करावे, अशी उदारता त्या कर्मठ काळातही होती, याची नोंद आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात फारशी कोणी घेतलेली नाही.

याहून हृदयस्पर्शी प्रकरण आहे ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे, कारण तेथे प्रवासाची दिशाच उलटी आहे. 1883 साली अमेरिकेस गेलेल्या आणि 1886 च्या मार्चमध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतलेल्या आनंदीबाई स्वदेशी परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या अमेरिकन स्त्रीने त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले, जिला त्या मावशी म्हणत, त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे आनंदीबाईंची रक्षा धाडण्यात आली, आणि कार्पेंटरबाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. एका चित्पावन घरातील स्त्रीची रक्षा ख्रिस्ती कुटुंबाच्या थडग्यांशेजारी विसावावी, याने त्या काळी किती जणांच्या भुवया चढल्या असतील! पण मला यात धर्मलोप दिसत नाही. अस्थी नदीकडे नेतात त्या नदी वत्सल मानली जाते म्हणून. आनंदीबाईंना जिव्हाळा जिने दिला, तिच्या स्वाधीन त्यांची रक्षा झाली, यापरते तीर्थ ते कोणते? स्थळाला तीर्थत्व येते ते तेथे आपले स्वीकारणारे कोणी असते म्हणून, अशी माझी धारणा आहे, आणि पुढचा सारा इतिहास मला या धारणेच्याच बाजूने साक्ष देताना दिसतो.

जहाजाच्या जागी विमान आले त्या संक्रमणाचे एक प्रसिद्ध उदाहरण 1936 सालचे आहे. कमला नेहरू 28 फेब्रुवारी रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारल्या, तेथेच त्यांचे दहन झाले, आणि थोड्याच दिवसांत जवाहरलाल रक्षाकलश घेऊन डच कंपनीच्या विमानाने निघाले. त्या काळचे विमान रात्री उतरत, दिवसा उडत, मुक्काम करीत जाई. रोमला मुसोलिनीची भेट घ्यावी म्हणून त्यांना गळ घालण्यात आली, ती त्यांनी निश्चयाने नाकारली. बगदादला पोहोचल्यावर त्यांनी लंडनच्या प्रकाशकाला तार करून आपले आत्मचरित्र दिवंगत पत्नीस अर्पण केले. पुढे कलश अलाहाबादला पोहोचून संगमात विसर्जन झाले. याच नेहरूंनी 1954 साली लिहिलेल्या इच्छापत्रात आपली मूठभर रक्षा गंगेत सोडावी, आणि बाकीची विमानातून भारताच्या शेतांवर उधळावी, असे नमूद केले.

तत्पूर्वी, 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थींचे प्रयागी विसर्जन झाले, त्याच सुमारास त्या देशभरच्या नद्यांना वाटल्या गेल्या. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या पात्रात विनोबांच्या उपस्थितीत त्यांचे विसर्जन झाले, आणि 12 फेब्रुवारीचा मेळा तेथे अजून भरतो. आफ्रिकेत युगांडातील जिंजा येथे नाईलच्या उगमापाशीही त्या अस्थींचा अंश पोहोचला. ज्या धाम नदीला पंचांगात कोणी तीर्थ म्हणून लिहिले नव्हते, ती अशी गंगेच्या पंक्तीला बसली. वऱ्हाडात आणि लगतच्या मुलखात स्थानिक नद्यांना जो मान पुढे वाढत गेला, त्यात या घटनेचा वाटा मी मोठा समजतो. दुसरा वाटा गाडगेबाबांचा. त्यांनी पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधविला, आणि ऋण काढून तीर्थे करू नका असे आयुष्यभर गावोगाव कीर्तनांतून बजावले; ज्याला काशी परवडत नाही त्याची पूर्णा कमी नाही, हे शेतकऱ्याच्या मनात त्यामुळे ठसले.

मग आली परदेशगमनाची लाट. अमेरिकेने 1965 साली आपला स्थलांतराचा कायदा बदलला, आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, अमरावतीच्या 1964 साली निघालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुले हळूहळू तिकडे जाऊ लागली. त्यांच्यातील पहिली पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि त्यांच्याकडे राहावयास गेलेले आईबापही तेथे काळाच्या स्वाधीन होत आहेत. दहन तेथे होते ते भट्टीत, आठशे-हजार अंश उष्णतेत; उरलेली हाडे यंत्राने दळून त्यांची एकसारखी करडी पूड करतात. वजन सुमारे दोन ते तीन किलो. वेचावयास काही उरत नाही, आणि सावडण्याचा विधी ज्यांच्या हातांना ठाऊक आहे त्यांना ही उणीव फार बोचते. पूड जाड प्लास्टिकच्या पिशवीत असते, पिशवी खोक्यात, आणि राखेबरोबर क्रमांक कोरलेली एक पोलादी चकती. भट्टीत जाताना देहाबरोबर ठेवलेली ती चकती आगीतून तशीच बाहेर येते आणि ही राख कोणाची याची ग्वाही देते.

प्रवासाचे दस्तऐवज मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, भारतीय वकिलातीचे ना-हरकत पत्र आणि मृताचे रद्द केलेले पारपत्र असे असतात. भारताच्या 1954 च्या विमान-आरोग्य नियमांत शव आणि रीतसर दहन झालेली रक्षा यांत स्पष्ट भेद केलेला आहे. शवासाठी पेटीचे आणि लेपनाचे कडक निर्बंध, रक्षेसाठी मात्र कलश व त्यावर योग्य वेष्टन एवढेच. अमेरिकेच्या विमानतळावर कलश क्ष-किरण यंत्रातून जावा लागतो, म्हणून लाकडाचा, पुठ्ठ्याचा वा प्लास्टिकचा घ्यावा; तांब्यापितळेच्या कलशातून किरण पार जात नाहीत, आणि आत काय आहे ते न दिसल्यास तो विमानात नेता येत नाही. तेथील सुरक्षा कर्मचारी मृताच्या आदरास्तव कलश उघडत नाहीत, खुद्द नातेवाइकाने सांगितले तरी उघडत नाहीत. हा नियम ज्याने केला त्याच्या मनात मृताविषयीची अदब खरोखरच होती, असे मी मानतो. त्यामुळे घरची तांब्याची लोटी प्रवासात रिकामी येते आणि गावी पोहोचल्यावर तिच्यात रक्षा भरली जाते. जे मडके उंबरठ्याच्या आत येत नसे, त्याच्या जागी आलेले खोके चौदा-सोळा तास माणसांच्या रांगांत, मुलाच्या किंवा मुलीच्या मांडीवर असते. शास्त्र विचारणाऱ्याला हे खटकेल, पण त्या मांडीचा अधिकार मोठा आहे.

जे रक्षा इकडे आणीत नाहीत, त्यांच्यावर ठपका ठेवू नये. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत गेल्यावर विसर्जनाची मोकळीक आहे, त्याची सूचना तीस दिवसांत सरकारला दिली म्हणजे झाले. इंग्लंडात लेस्टरजवळील सोर नदीवर हिंदू कुटुंबांसाठी जागा मुक्रर झालेली आहे. ज्याची नातवंडे त्या तीरावर राहतात, त्याचे कौंडण्यपूर तेच. तरीही पुष्कळजणांना मूळ गावाची ओढ असते, आणि कोविडच्या महामारीत तिची कसोटी लागली: 23 मार्च 2020 पासून 27 मार्च 2022 पर्यंत भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती, आणि तेवढ्या काळात कलश परक्या घरांच्या कपाटांत, देव्हाऱ्यांशेजारी थांबून राहिले. रक्षेलाही ताटकळावे लागते, हे त्या दोन वर्षांत कळले. क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा यांची रक्षा तर 1930 साली जिनीव्हात निधन झाल्यापासून 2003 च्या ऑगस्टपर्यंत तेथे राहून मग मायदेशी आली.

आता वर्धेच्या तीरावर या. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. पंढरपूरला पालखी पाठविणारे जुने क्षेत्र. उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक होते, दगडगोटे उघडे पडतात, आणि पूड पाण्यात टाकली की ती हाडाच्या तुकड्यासारखी तळाशी न बसता करड्या ढगासारखी पसरत प्रवाहाबरोबर निघून जाते. मग हातात उरते ती चकती. ती नदीत टाकू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. काशी-गयेच्या वह्यांनी वऱ्हाडी कुळांची जी स्मृती राखली, तशी वही कौंडण्यपूरच्या व ऋणमोचनच्या घाटांवर देवस्थानाने वा ग्रामपंचायतीने ठेवावी, तीत मृताचे नाव, गाव आणि विसर्जनाची तिथी याबरोबर मृत्यूचे स्थळ, मग ते शिकागो असो वा मेलबर्न, आणि चकतीचा क्रमांकही लिहून घ्यावा. नांदगाव पेठ, मोर्शी, दर्यापूर, अकोट येथून कोण कोठवर गेले आणि त्यांतले किती परत आले, हे शंभर वर्षांनी शोधू पाहणाऱ्याला विमान कंपन्यांच्या दप्तरात काही सापडणार नाही. सापडले तर ते या वहीत सापडेल.