कोसळलेल्या यानाचा देखावा

'डायोरामा' या शब्दासाठी मराठीत नवा प्रतिशब्द घडवण्याची गरज नाही. 'देखावा' हा शब्द आपल्याकडे रुळलेलाच आहे. लुई दागेरने 11 जुलै 1822 रोजी पॅरिसमध्ये 'डायोरामा' उघडला तेव्हा तिथे भव्य रंगीत पडद्यांवर प्रकाशाचे खेळ होत. लहान प्रमाणातल्या त्रिमित दृश्याला तो शब्द पुढे चिकटला. मराठवाड्यात हे काम महालक्ष्म्यांपुढची आरास आणि गणेश मंडळांचे देखावे करीत आले आहेत. या इतिहासाकडे आम्ही वळलो ते मात्र एका किरकोळ वादामुळे.

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आम्ही दोघे मराठी शिकवतो. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच 28 ला राष्ट्रीय विज्ञान दिन, म्हणून एका वर्षी दोन्ही विभागांनी मिळून प्रदर्शन मांडायचे ठरले. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून काल्पनिक अंतराळयानाचा प्लास्टिकचा जोडसंच मागवला आणि ते यान बालाघाटाच्या माळावर कोसळलेले दाखवायचा बेत केला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली: शुभ प्रसंगी पडलेले यान कशाला, चांद्रयान-3 मांडा. ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आपल्या देखाव्यांच्या परंपरेत ती मुरलेली आहे.

आपला देखावा बहुधा आगमनाचा, विजयाचा, प्रकट होण्याचा असतो. असुराचा वध असला तरी डोळे देवीवर खिळतात. असुराचे पुढे काय झाले हे कोणी मांडत नाही. 2019 साली ही परंपरा मोठ्या पेचात सापडली. त्या वर्षी गणेशोत्सव 2 ते 12 सप्टेंबर असा होता आणि चांद्रयान-2 चा 'विक्रम' 7 सप्टेंबरच्या पहाटे चंद्रावर आदळला. काही मंडळांनी चांद्रयानाचाच देखावा केला होता. म्हणजे उत्सवाचे उरलेले दिवस मांडवातला विक्रम चार पायांवर ताठ उभा आणि खरा विक्रम तुकडे होऊन पडलेला! ते तुकडे सापडल्याचे जाहीर झाले डिसेंबरात. नासाच्या यानाने टिपलेली आधीची व नंतरची छायाचित्रे ताडून पाहणाऱ्या चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन या अभियंत्याने पहिला तुकडा ओळखला. मुख्य आघातस्थळापासून तो सुमारे 750 मीटर वायव्येला होता. एका ठिपक्यावरून घटना मागे मागे वाचत नेण्याचे हे काम आम्हाला संहिताचिकित्सेच्या फार जवळचे वाटते. चांद्रयान-3 च्या 2023 मधील यशानंतर पुन्हा गावोगाव चंद्र उभे राहिले, ते योग्यच. पण 2019 चा देखावा कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

जोडसंचांच्या जगात मात्र मोडतोडीला प्रतिष्ठा आहे. शेपर्ड पेन या अमेरिकन कारागिराने 1970 च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या विमानसंचांसाठी देखाव्यांच्या मार्गदर्शक पत्रिका तयार केल्या. वस्तू नुसती जोडायची नाही, तिच्यावर काय गुदरले तेही सांगायचे, ही दृष्टी अशा कामातून रुजली. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधली यानेही रणगाडे-विमानांच्या बाजारी संचांचे सुटे भाग चिकटवून सजवली होती. म्हणजे पडद्यावरचे भविष्य मुळात जुन्या युद्धांच्या भंगारातून जुळवलेले. (भंगार हा शब्द आम्ही आदराने वापरतो.)

आपल्याकडे आकाशातून यंत्र कोसळण्याची पहिली मोठी धास्ती 1979 मध्ये पसरली. सुमारे 77 टनांचे स्कायलॅब 11 जुलैला, योगायोगाने दागेरच्याच तारखेला, हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. त्या दिवसांतल्या भीतीच्या गोष्टी आम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्याच साली जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आला. त्याआधी 1974 मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती, ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. विज्ञानकथेला मराठीत मान मिळाला. यंत्र पडल्याची भीती मात्र आजीच्या गप्पांतच राहिली.

मग 2 एप्रिल 2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे सरकताना दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचा तो अवशेष असावा, असे जोनाथन मॅक्डॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने सांगितले. आमच्या विद्यार्थ्यांना हेच उदाहरण आम्ही नमुना म्हणून दिले, आणि तिथून कामाची दिशाच बदलली.

त्यांना चित्रपटातल्यासारखा लांब चर आणि खोल खड्डा हवा होता. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समजावले की वातावरणात वेग गमावलेला तुकडा शेवटी हवेत टाकलेल्या वस्तूसारखाच पडतो. लोणारसारखे विवर व्हायला कितीतरी मोठा वेग आणि वस्तुमान लागते. मग 1:72 या प्रमाणाचा हिशेब झाला. माणूस अडीच सेंटिमीटरांहून किंचित कमी, लोणारचे विवर पंचवीस मीटर, म्हणजे खोलीत मावणारच नाही. आणि लाडबोरीचे कडे चार सेंटिमीटरांचे. एका विद्यार्थिनीने तान्ह्या भाचीची बांगडी आणून दिली, ती नेमकी बसली! एकाने यानाला तांबूस गंज रंगवला. ॲल्युमिनियम असे गंजत नाही म्हणून तो खरवडून तिथे काजळीचा हात द्यावा लागला. काळी माती चाळून डिंकात कालवली, धसकटांसाठी केरसुणीच्या काड्या कापल्या. यान मोडायची वेळ आली तेव्हा मात्र सगळेच थबकले. दोन दिवस खपून जोडलेला पंख कोणी तोडायचा? शेवटी ज्याने तो जोडला होता त्यानेच, मान वळवून, तोडला.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना आम्ही अंबाजोगाईच्या हत्तीखान्याची आठवण दिली. तिथले झिजलेले दगडी हत्ती पाहायला आपण मुलांना घेऊन जातो, धारूरच्या किल्ल्याच्या ढासळलेल्या तटाखाली उभे राहून छायाचित्रे काढतो. मग हेच अशुभ कसे? त्यांचे उत्तर चोख होते: "ते काळाने मोडले. हे तुम्ही मोडताय." यावर आम्हाला अजून नीट उत्तर सुचलेले नाही. देखावा मांडला गेला, पण दारापासून दूरच्या मेजावर.

खरी चर्चा पाटीवर झाली. 'येथे यान कोसळले' असे एकीने लिहिले. दुसऱ्याने विचारले, पाहिले कोणी? आपण तर फक्त माती, काजळी आणि बांगडी मांडली आहे. क्रियापदावरून अर्धा तास गेला. व्याकरणाच्या तासाला डुलक्या घेणारी मुले विध्यर्थ आणि निश्चयार्थ यांवर भांडत होती. अखेर पाटीवर 'कोसळले असावे' असे आले, आणि 'असावे' हा शब्द मागाहून, निराळ्या शाईने लिहिलेला स्पष्ट दिसत होता.