साक्षीची कुळकथा

नांदेड-लातूरकडील ख्रिस्ती कुटुंबांच्या घरगुती प्रार्थनासभेत गीत संपून ढोलकी थांबली, की सतरंजीवर बसलेल्यांपैकी एखादी बाई डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहते, प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम करते, आणि देवाने आपल्या पापांची क्षमा करून आपल्याला लेक कसे म्हटले, हे घरगुती बोलीत सांगू लागते. यालाच मंडळीत साक्ष देणे म्हणतात. या साध्या प्रथेचे कुळ फार दूरचे आणि फार थोर आहे.

तिचे मूळ पौलाच्या रोमकरांस पत्रात सापडते. इसवी सनाच्या ५७ च्या सुमारास लिहिलेल्या या पत्रात त्याने असा सिद्धांत मांडला, की मनुष्य आपल्या कर्मांच्या बळावर देवापुढे निर्दोष ठरत नाही. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तोच त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा झाला, तसेच प्रत्येक विश्वासणाऱ्याचे होते. त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात अंतःकरणातील विश्वास आणि मुखाने केलेला अंगीकार यांची त्याने जोड घातली आहे. न्यायासनासमोर आरोपी म्हणून उभा असलेला मनुष्य निर्दोष सुटतो आणि त्याच दरबारात साक्षीदार होतो, हा या प्रथेचा गाभा होय.

मार्टिन लूथरने १५२२ मध्ये या पत्रास प्रस्तावना लिहिली. २४ मे १७३८ च्या रात्री लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा सभेत ती वाचली जात असता जॉन वेस्ली या उपदेशकाच्या मनाची अशी खात्री पटली, की ख्रिस्ताने आपलीही पापे दूर केली आहेत. आणि त्याने ते तिथल्या तिथे सर्वांसमक्ष सांगून टाकले. पुढे १७४२ मध्ये वेस्लीच्या अनुयायांच्या, म्हणजे मेथॉडिस्टांच्या, ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना कॅप्टन फॉय या सभासदाने केली. पुष्कळांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप येताच त्याने अकरा अत्यंत गरीब सभासद आपल्याकडे मागून घेतले आणि त्यांना जमले नाही तर त्यांचा भरणा स्वतः करण्याची हमी दिली. वसुलीसाठी असे पडलेले बाराजणांचे वर्ग लवकरच एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करू लागले, आणि साक्षीला आठवड्याचे नियमित स्थान मिळाले. दुसऱ्याचे देणे स्वतः भरणारा मनुष्य या प्रथेच्या उगमाशी उभा आहे. कृपेचा सिद्धांत याहून चांगला कोणी समजावला असेल, असे मला वाटत नाही.

मेथॉडिस्ट प्रचारक विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईस आला आणि त्याने हीच वर्गपद्धती येथे सुरू केली. तेथून मेथॉडिस्ट कार्य निजामाच्या मुलखात शिरले आणि बीदरपर्यंत पोहोचले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातील तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच मोडत होते. मराठीजनांत साक्षीची दुसरी धाराही वाहत होती: १८५४ मध्ये बेळगावी बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले, आणि १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे कित्येक वर्षांनी गवसला, असे मोकळेपणाने सांगणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनाच्या शीर्षकातच साक्ष हा शब्द घातला.

ज्या समाजात मनुष्याची पायरी जन्मावरून ठरत आली, तेथे निरक्षर शेतमजुराने चारचौघांत उभे राहून 'देवाने मला नीतिमान ठरविले' असे म्हणावे, यात फार मोठी क्रांती आहे. कारण ही प्रतिष्ठा त्याला गावाने, सरकारने किंवा मिशनने बहाल केलेली नाही, आणि म्हणून त्यांच्यापैकी कोणालाही ती काढून घेता येत नाही. मात्र ती फुकट लाभली आहे, हे विसरून जो शेजाऱ्याला पापी म्हणून हिणवतो, त्याने आपल्याच साक्षीला खोटे पाडले. पाळकांना माझी विनंती आहे, की बरे झालेले आजार आणि लागलेल्या नोकऱ्या यांच्या यादीपुरती ही प्रथा उरू देऊ नये. उभ्या राहिलेल्याने आधी कृपेचा निवाडा सांगावा, बाकीचे मागाहून.