एस्पोझितो

एस्पोझितो : दक्षिण इटलीतील, विशेषतः नेपल्स शहर आणि भोवतालच्या कांपानिया प्रांतातील आडनाव. नेपल्समध्ये याच आडनावाची माणसे सर्वांत जास्त भेटतात. साऱ्या इटलीचा विचार केला तर रोस्सी, रुस्सो आणि फेर्रारी यांच्या पाठोपाठ त्याचा क्रमांक लागतो. उच्चारताना जोर ‘पो’वर येतो. अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत तो पुढच्या अक्षरावर सरकला असून तिथल्या दूरचित्रवाणीवर बहुधा तसाच उच्चार ऐकू येतो.

आडनावाचा अर्थ सरळ आणि कठोर आहे. ‘बाहेर ठेवणे’ या अर्थाच्या ‘एक्स्पोनेरे’ या लॅटिन क्रियापदाचे भूतकालवाचक रूप ‘एक्स्पोझितुस’. त्यावरून एस्पोझितो, म्हणजे बाहेर ठेवलेला, टाकलेला. प्राचीन रोममध्ये नको असलेले तान्हे मूल उघड्यावर ठेवून देण्याची प्रथा होती आणि तिचे नावही याच धातूपासून आले होते. पुढे ख्रिस्ती संस्थांनी अशी मुले सांभाळायला घेतली, शब्द मात्र जुनाच ठेवला. स्पेनमधील ‘एक्स्पोसितो’ हे आडनाव त्याच लॅटिन शब्दाचे. सोळाव्या-सतराव्या शतकांत नेपल्सवर स्पेनच्या व्हाइसरॉयांचे राज्य होते, त्यामुळे दोन्ही देशांत एकच शब्द रुळावा यात नवल नाही.

नेपल्सपुरती या आडनावाची कहाणी एका इमारतीभोवती फिरते. फोर्चेल्ला वस्तीजवळचे सान्तिस्सिमा आन्नुन्झियाता हे चर्च आणि त्याला जोडलेले अनाथालय यांची स्थापना चौदाव्या शतकातली. अठराव्या शतकात चर्च आगीत सापडले, तेव्हा वास्तुशिल्पी लुइजी वान्वितेल्ली यांच्याकडे त्याची पुनर्रचना सोपवण्यात आली. अनाथालयाच्या भिंतीत एक ‘रुओता’ म्हणजे चाक होते. चाक म्हटले तरी ते प्रत्यक्षात एका बाजूने उघडे असलेले, उभ्या आसावर फिरणारे लाकडी पिंप. रस्त्यावरून आलेल्या माणसाने मूल त्यात ठेवायचे आणि पिंप अर्धे फिरवायचे, की मूल आत आणि आणणारा बाहेर. आतल्या बाजूस बसलेली बाई मूल उचलून घेई. कुणी कुणाचे तोंड पाहायचे नाही, हीच त्या यंत्रामागची कल्पना. रोममध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी अशी चाके सुरू केल्याचे परंपरा सांगते. तिबेर नदीत कोळ्यांच्या जाळ्यांत तान्ह्या मुलांची प्रेते सापडू लागली म्हणून, अशी त्यामागची कथा. तिची सत्यता बाजूला ठेवली, तरी गुपचूप सोय केली नाही तर मुले नदीत जातात हा त्या काळाचा हिशेब तिच्यातून कळतो.

आत आलेल्या मुलाची नोंद होई. आल्याची वेळ, अंदाजे वय, अंगावरचे कपडे आणि सोबतच्या खुणा लिहून ठेवल्या जात. खूण म्हणजे बहुधा एखाद्या वस्तूचा अर्धा भाग असे, अर्धे नाणे नाहीतर अर्धे पदक. उरलेला अर्धा आईजवळ राही. दिवस पालटले तर तो घेऊन यायचे आणि आपले मूल ओळखून न्यायचे, ही त्यामागची आशा. वहीतल्या आडनावाच्या रकान्यात मात्र सर्वांसाठी एकच शब्द पडे : एस्पोझितो. गावातले लोक याच मुलांना ‘मादोन्नाची लेकरे’, म्हणजे मेरीमातेची मुले, म्हणत. वहीतला शब्द आणि लोकांच्या तोंडचा शब्द यांत केवढे अंतर होते! टिकला तो वहीतला.

यावरून एक गोष्ट उघड होते. सर्वसाधारण आडनावामागे निदान एखादा मूळपुरुष, गाव किंवा धंदा असतो. फेर्रारी लोहाराचे, रोस्सी तांबूस केसांच्या माणसाचे. एस्पोझितोंना सामाईक मूळपुरुषच नाही. नेपल्सच्या एकाच जिन्यावर दोन एस्पोझितो राहत असतील, तर त्यांचे रक्ताचे नाते असण्याचे त्या आडनावामुळे कोणतेही कारण नाही. वंश ठाऊक नाही एवढेच सांगणारा शब्द पुढच्या पिढ्यांत वंशाचे नाव झाला. आडनाव वडिलांकडून मुलांकडे जात असल्याने ते पुढे पसरले मुख्यतः टाकलेल्या मुलग्यांमुळे. अनाथालयातल्या मुलीचे लग्न झाले की तिच्या मुलांना पतीचे आडनाव लागे आणि तिचे एस्पोझितो तिच्याबरोबरच संपे.

नेपल्सच्या बाहेर तीच सोय होती, शब्द मात्र निराळे. रोममध्ये ‘प्रोयेत्ती’, म्हणजे फेकलेले. नट जीजी प्रोयेत्ती (१९४०–२०२०) यांच्यामुळे आज ते आडनाव ऐकताच इटालियन माणसाला हसू आठवते. बोलोन्याच्या बाजूला ‘देल्यी एस्पोस्ती’. हे बहुवचन आहे, ‘टाकलेल्यांपैकी’ असा त्याचा अर्थ. दक्षिणेत आडनावे एकवचनी ‘ओ’कारान्त राहतात, उत्तरेत अनेकवचनी ‘ई’कारान्त होतात, ही इटलीची जुनी भाषिक सीमारेषा; रुस्सो आणि रोस्सी ही जोडी तिच्या दोन बाजूंना उभी आहे. सोरेन्तोच्या किनाऱ्यावर ‘देस्पोझितो’ आणि अन्यत्र आरंभीचा स्वर गळून ‘स्पोझितो’ अशी रूपे आढळतात.

मिलानने जरा कोवळा शब्द निवडला. तिथल्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर, इटालियनमध्ये ‘कोलोंबा’. त्यावरून मुलांना कोलोंबो हे आडनाव मिळे. पण म्हणून प्रत्येक कोलोंबो अनाथालयातून आला असे मानू नये. कोलोंबो हे व्यक्तिनामही होते, आणि जेनोव्हाचा क्रिस्तोफोरो कोलोंबो म्हणजे आपला कोलंबस. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेल्लेस्कीने १४१९ मध्ये आरंभलेल्या ‘इन्नोचेन्ती’ (निष्पापांच्या) अनाथालयाने इन्नोचेन्ती आणि नोचेन्तीनी ही आडनावे दिली. इन्नोचेन्ती हा शब्द मराठी माणसाच्या नजरेखालून गेला असेल तो स्कूटरमुळे. फेर्दिनांदो इन्नोचेन्ती यांच्या मिलानच्या कारखान्यातली लँब्रेटा पुढे मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी बनवू लागली. त्या उद्योगपतीचे पूर्वज अनाथालयातले होते असा दावा नाही. आडनाव मात्र त्याच परंपरेतले.

आडनाव ऐकताच जन्माची कथा कळते, ही बाब राज्यकर्त्यांनाही खटकू लागली. नेपल्सचा राजा झालेल्या जोआकिम म्यूराने १८१४ मध्ये टाकलेल्या मुलांना एस्पोझितो हे आडनाव देण्यास बंदी केली. मिलाननेही १८२५ मध्ये कोलोंबो देणे थांबवले. चाके मात्र आणखी काही दशके फिरत राहिली. मिलानचे १८६८ मध्ये, तर आन्नुन्झियाताचे १८७५ मध्ये बंद झाले. बंदी नव्या मुलांसाठी होती. आधीच एस्पोझितो असलेल्यांची मुलेबाळे तेच आडनाव लावत राहिली आणि त्यांच्याबरोबर ते जहाजांतून अमेरिका खंडात गेले.

या आडनावाची माणसे आता सर्व क्षेत्रांत आहेत. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता टोमॅटो, मोझारेला आणि तुळशीचा पिझ्झा तिच्यासाठी केल्याचे श्रेय राफाएले एस्पोझितो या पिझ्झावाल्याला दिले जाते. इतिहासकारांना या कथेची शंका आहे. गंमत अशी की त्याचे मानले जाणारे दुकान आज पत्नीच्या माहेरच्या, ब्रांदी या नावाने चालते. कॅनडाचे आइस हॉकीपटू फिल एस्पोझिटो यांनी १९६८–६९ च्या हंगामात एनएचएल स्पर्धेत १२६ गुण मिळवले. एका हंगामात शंभरी ओलांडणारे ते पहिले खेळाडू. ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेतील गस फ्रिंग साकारणारे जिआनकार्लो एस्पोझिटो यांचे वडील नेपल्सचे. ‘समुदाय’ म्हणजे काय यावर १९९८ मध्ये ‘कोम्युनितास’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाचे नावही रोबेर्तो एस्पोझितो असावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा.

इटलीत आजही आईला आपली ओळख न देता रुग्णालयात बाळंत होता येते. अशा मुलाचे नाव आणि आडनाव जन्मनोंदणी अधिकारी ठरवतो. २००० च्या नागरी नोंदणी नियमांनुसार मुलाच्या जन्माची परिस्थिती उघड करणारे आडनाव त्याला देता येत नाही, तसेच त्या गावातल्या नामांकित घराण्याचे किंवा ऐतिहासिक महत्त्वाचे आडनावही देता येत नाही.