मचाण, शिडी आणि ड्रोन

२०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळांसाठी एक वर्तुळ आखलं आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत ड्रोन कुठे आणि किती उंच उडवायचं, यावर बंधनं आहेत. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेलजवळचं आमचं कोनही या हिशोबात आलं. मला प्रश्न पडला तो विमानांचा नाही. विमानाला ड्रोनचा त्रास होऊ नये म्हणून आपण अंतर मोजून ठरवलं. मग खाडीच्या चिखलात चरणाऱ्या रोहित पक्ष्याला त्रास होऊ नये म्हणून किती अंतर हवं? ते कुणी मोजलंय का, आणि कसं?

या प्रश्नाचा इतिहास ड्रोनपेक्षा जुना आहे. रानातल्या जीवाला बघायचं, पण आपण बघतोय हे त्याला कळू द्यायचं नाही, ही धडपड जुनीच आहे.

आपल्याकडे त्याची सगळ्यांना माहीत असलेली पद्धत म्हणजे मचाण. मुळात ते शिकाऱ्याचं. प्राणीगणनेने ते उचललं आणि बंदुकीच्या जागी वही-पेन्सिल आणली. महाराष्ट्राच्या अभयारण्यांत वर्षानुवर्षं बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर गणना होत आली. वैशाखात पाणी थोड्याच जागी उरतं, म्हणून प्राण्यांना तिथे यावंच लागतं, आणि पौर्णिमेमुळे ते दिसतात. एकच सांबर दोनदा मोजलं जाण्याची शक्यता या पद्धतीत राहतेच. पण तिचा एक गुण मला महत्त्वाचा वाटतो: गैरसोय बघणाऱ्याची होते. डास चावले तरी हलायचं नाही, खोकला दाबायचा, रात्रभर तिथेच बसायचं. बघण्याची किंमत बघणारा मोजतो.

आमच्याच जिल्ह्यातलं याहून मोठं उदाहरण किहीमचं आहे. १९३० साली सलीम अली जर्मनीतून शिकून परतले तेव्हा हातात नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला आले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. त्या पावसाळ्यात घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते दिवसचे दिवस तिच्याकडे बघत बसले. मराठीत आपण ‘ती सुगरण’ म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते. मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणायला घेतो. नराचा हा क्रमाक्रमाने चालणारा संसार सलीम अलींनी नोंदवला, आणि त्या लेखाने त्यांचं नाव पक्षिशास्त्रात झालं.

हे कळायला त्यांच्याकडे वेळ होता आणि शिडी होती. पक्षी रोजच्यासारखे वागत राहिले, म्हणून रोजचं वागणं दिसलं. पक्षी घाबरलेले असते तर भीतीचीच नोंद झाली असती. त्रास न देता बघणं ही नुसती दया नव्हे, खरी माहिती मिळण्याची ती अट आहे.

आता ड्रोनकडे येऊ. संशोधकांनी तो उचलला याला चांगली कारणं आहेत. पाणथळ जागेतली पक्ष्यांची वसाहत मोजायला माणूस आत शिरला, तर घरटी तुडवली जातात. हेलिकॉप्टर महाग आणि कर्कश. ड्रोन वरून फोटो काढतो आणि मोजणी नंतर निवांत करता येते. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी किनाऱ्यावर प्लॅस्टिकची हजारो बदकं मांडून परीक्षाच घेतली. बदकं किती हे आधीच माहीत होतं. जमिनीवरून मोजणाऱ्या अनुभवी माणसांपेक्षा ड्रोनच्या फोटोंवरून केलेली मोजणी जास्त अचूक निघाली. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं.

पण प्लॅस्टिकचं बदक घाबरत नाही.

२०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी पक्ष्यांवर चाचणी केली. त्यात पाळीव वातावरणातली बदकं होती, आणि पाणथळीतले रानटी पक्षीही होते. त्यांतला एक होता मोठा रोहित, म्हणजे आपल्या खाडीवर लहान रोहितांसोबत दिसणारी तीच जात. एकूण २०४ उड्डाणं झाली. ८० टक्के वेळा ड्रोन चार मीटरपर्यंत गेला तरी पक्ष्यांच्या वागण्यात फरक दिसला नाही. ड्रोनचा रंग किंवा वेग याने फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते सरळ डोक्यावरून खाली येण्याने. शिकारी पक्षी वरून झडप घालतो, हे लक्षात घेतलं तर यात आश्चर्य नाही.

इथेच थांबलो असतो तर ड्रोन निर्दोष ठरला असता. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटात दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे चार काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं होती. वर ड्रोन आला तरी अस्वलं बहुतेकदा जागची हलली नाहीत. बघणाऱ्याने ‘परिणाम नाही’ असं लिहिलं असतं. ठोके मात्र चढले होते. एका अस्वलाचे तर मिनिटाला १२३ ने वाढले. नंतरच्या एका अभ्यासात अस्वलं वारंवार येणाऱ्या ड्रोनला सरावतात असंही दिसलं. पण सराव व्हायच्या आधीचा धक्का खोटा ठरत नाही.

सीलबाबत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. सील हा थंड समुद्रातला चरबीदार सस्तन प्राणी, आपल्या किनाऱ्यावर नसलेला. विश्रांतीला, पिल्लं द्यायला आणि कात टाकल्यासारखे केस बदलायला तो खडकांवर, वाळूवर येतो. दचकला की पाण्याकडे सरपटत पळतो, आणि त्या गडबडीत पिल्लं आईपासून तुटू शकतात. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी सीलवर ड्रोन उडवून पाहिले, तेव्हा सगळ्यांची प्रतिक्रिया एकसारखी आली नाही. म्हणून एकदा एका जागी ठरवलेली ‘सुरक्षित उंची’ सगळीकडे लावता येत नाही. एखादा सील मान वर करून बघतो, एवढीही नोंद तिथे महत्त्वाची असते. दचकण्याची सुरुवात तिथूनच होते.

चूक किती महाग पडते हे २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका पाणथळीत दिसलं. बंदी असताना उडवलेला एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळला. हजारो पक्षी उडाले आणि परतलेच नाहीत. हजाराहून जास्त अंडी वाळूत तशीच राहिली.

आपल्या कायद्यात याचं बीज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. प्राण्याला हाकणं आणि पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना त्रास देणं हेही त्या व्याख्येत येतं. ड्रोन तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, पण शब्द त्यालाही लागू पडतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. आत चित्रीकरण करायचं तर वनखात्याची परवानगी लागते. नवी मुंबईतले अनेक तलाव आणि चिखलपट्टे मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. रोहितांना ती हद्द ठाऊक नसते.

मचाणापासून ड्रोनपर्यंत येताना मला एक अदलाबदल दिसते. डास, थंडी आणि रात्रभराची वाट हे सगळं आधी आपल्या वाट्याला होतं. आता आपण सावलीत स्क्रीनसमोर बसतो आणि किंमत खाली उभा असलेला जीव मोजतो. संशोधक निदान ती मोजायचा प्रयत्न करतात. रीलसाठी ड्रोन उडवणारा मोजत नाही.

ती रील आपण सगळ्यांनी पाहिली आहे: वरून दिसणारा गुलाबी थवा, मग लाटेसारखा एकदम उडालेला. लाखो लाइक त्या उडण्यालाच मिळतात. रोहित ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात चरतो. भरती आली की ते ताट उचललं जातं. थवा विनाकारण उडाला की चरण्याचा तेवढा वेळ बुडतो आणि पंखांचे कष्ट वाढतात.

त्यामुळे अशी रील समोर आली की मी आता एकच गोष्ट बघतो. थवा चरतोय की उडतोय? चरत असेल तर उडवणाऱ्याने निदान अंतर ठेवलं असावं. उडत असेल तर ती पुढे पाठवत नाही.