प्लेग, पुणे आणि दारावरची थाप

इतिहासाच्या तासाला १८९७ चा प्लेग आपण शिकलो तो रँडच्या खुनापुरता. चापेकर बंधू, गणेशखिंड, २२ जून, एवढे लिहिले की पाच गुण पक्के. पण गल्लीबोळांतून आजार कसा शोधायचा आणि आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करायची, हे दोन प्रश्न त्याच वर्षी पुण्यापुढे उभे राहिले. ते परीक्षेत कधी आले नाहीत.

रँडच्या प्लेग कमिटीने घरोघर झडतीसाठी गोरे सोजीर पाठवले. रोगी शोधणे, वेगळा ठेवणे, घर धुऊन काढणे हा हेतू रोगशास्त्राला धरूनच होता. पण परका शिपाई स्वयंपाकघरात, देवघरात शिरू लागला, तसे लोक रोगी लपवू लागले, मृत्यूही लपवू लागले. लपलेला रोगी मोजता येत नाही, मग साथ कुठल्या पेठेत वाढते आहे हे कळणार कसे? शिवाय प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. तोवर पहारा माणसांवर होता, उंदीर मोकळे.

त्याच दिवसांत डॉ. यशवंत फुले यांनी शहराबाहेर ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातून गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतलेले नव्हते, पण रोग्याच्या दारापर्यंत स्वतः जाणे हे सार्वजनिक आरोग्याच्या कामाचे पहिले पाऊल, आणि ते त्यांनी टाकले.

शिक्षणाची व्यवस्था पुढे रमाबाई रानडे यांनी केली. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवा बऱ्याच. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवायचे, म्हणजे तेव्हाच्या सोवळ्या पुण्यात केवढा गहजब! माझ्या मते रमाबाईंच्या साऱ्या कामांत हे सर्वांत धाडसाचे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

सत्तरच्या दशकात केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू परिसरात गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले, तेव्हा तोच धागा शहराबाहेर गेला. जन्म, ताप, जुलाब यांची खबर गावातल्या ओळखीच्या बाईला जितक्या सहज मिळते, तितकी साहेबाला मिळत नाही.

मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच सापडले. त्याच सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. तापमापी आणि ऑक्सिमीटर घेऊन आशाताई दारोदार फिरल्या. घरात कोणाला ताप आहे का, हे त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारत होत्या.