कठीण सडक, अनवाणी धावक आणि गुडघेदुखी

कठीण सडकेवर धावल्यानेच गुडघे दुखतात, हा रूढ समज इतिहासाच्या कसोटीस पुरता उतरत नाही. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटा यांनी शेतकरी तरुणांना अनवाणी धावताना पाहिले. त्यांच्या प्रयत्नाने १९२० साली अँटवर्पला गेलेल्या पथकातील फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. अनवाणी धावण्याचे मर्म पुढे २०१० मध्ये डॅनिएल लीबरमन यांच्या संशोधनाने उलगडले. सवयीचे अनवाणी धावक बहुधा पावलाच्या पुढील भागावर उतरतात. म्हणून कठीण जमिनीवरही आघात सौम्य राहतो. सवय नसता मात्र तोच प्रकार पोटरी व घोट्यास जड जातो. तेव्हा निर्णायक ठरते ती सवय, केवळ सडक नव्हे.

कुहीसारख्या तालुक्याच्या गावातील तरुणासही हे लागू पडते. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते. शेतकरी धावकांची सवय वर्षानुवर्षांची असावी. उमेदवारापाशी काही आठवडेच असतात. त्याने अंतर क्रमाक्रमाने वाढवावे, पावले आखूड टाकावीत, मांडीचे स्नायू बळकट करावेत. वेदना टिकल्यास वैद्यास दाखवावे. गुडघा गमावून मिळविलेली वेळ नोकरीस पुरत नाही.