ठासणीची बंदूक आणि नळीवरची सही

आपल्या ग्रुपवर वाड्यांच्या, सणांच्या आठवणी येतात. आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय, पण शेवटी गाडी बडोद्यालाच येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात होतो. एका शनिवारी जावई म्हणाले, "बाबा, इथे जवळच गन शो आहे, येता का?" मी बी.कॉम. झालेला बँकेतला माणूस. बंदुकीशी संबंध कॅश नेणाऱ्या गाडीवरच्या गार्डपुरता. घरातली एक सोडून, पण तिच्याबद्दल पुढे.

मोठ्या हॉलमध्ये टेबलंच टेबलं. बहुतेक नवी हत्यारं, त्यांत मला रस नव्हता. एका कोपऱ्यात मात्र पाय थबकले. चार-पाच जुन्या बंदुका, प्रत्येक जवळजवळ पाच फूट लांब, आणि अंगाने अगदी सडपातळ. दस्ता मेपलच्या लाकडाचा, त्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे. ते रंगवलेले नाहीत, लाकडाचेच. दस्त्याच्या बाजूला पितळी झाकणाची छोटी डबी. टेबलामागे माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. हात लावू का विचारलं, तर म्हणाले, लाकडाला धरा, लोखंडाला नको, घामाने गंज चढतो. मी परत ठेवल्यावर त्यांनी ती फडक्याने पुसली. आमच्याकडे देव पुसतात तशी.

ही 'लाँगरायफल'. अठराव्या शतकात जर्मन भाषिक लोक पेनसिल्व्हेनियात येऊन वसले. त्यांच्यातले लोहार जर्मनीतली आखूड, जाड नळीची शिकारी बंदूक बनवायला शिकून आले होते. नव्या मुलखात ती गैरसोयीची ठरली. जंगलं अफाट, दुकान लांब, शिसं आणि दारू महाग. मग लँकॅस्टर आणि आसपासच्या कारागिरांनी नळी ४२ ते ४६ इंचांपर्यंत लांबवली आणि तिचं भोक लहान केलं.

इथे माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. घरी येऊन आकडेमोड केली. ०.६० इंच व्यासाची शिशाची गोळी धरली, तर एका पौंडात २१-२२ गोळ्या होतात. ०.४५ इंचाची धरली तर सुमारे ५१. म्हणजे तेवढ्याच शिशात दुपटीहून जास्त बार! लांब नळीमुळे दारू नीट जळते आणि नेमही चांगला धरता येतो. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. गोळी चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून वरून ठासायची. ते तुकडे ठेवायला ती पितळी डबी. चकमकीचा दगड पोलादावर आपटून ठिणगी पडायची.

दोषही होते. साधी मस्केट मिनिटाला तीन बार काढायची, हिला एका बाराला जवळजवळ मिनिट लागे. शिवाय हिला संगीन नाही. १४ जून १७७५ ला अमेरिकेच्या काँग्रेसने रायफलवाल्यांच्या दहा तुकड्या उभारायचं ठरवलं, त्यांतल्या सहा पेनसिल्व्हेनियाच्या. पण १७७७ मध्ये साराटोगाला डॅनियल मॉर्गनच्या रायफलवाल्यांबरोबर संगीनवाली पायदळाची तुकडी जोडून द्यावी लागली. आणि त्याच सरहद्दीवर मूळच्या रहिवाशांच्या जमिनी गेल्या, माणसं मारली गेली, हेही विसरता येत नाही. १७६३ च्या डिसेंबरात लँकॅस्टर भागातच कॉनेस्टोगा जमातीचे वीस लोक गोऱ्या टोळीने ठार केले.

गंमत नावाची. बनली पेनसिल्व्हेनियात, पण १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर एक गाणं गाजलं आणि नाव पडलं 'केंटकी रायफल'. बनवणारे जर्मन, म्हणजे त्यांच्या भाषेत 'डॉइच', त्यांना लोक म्हणू लागले 'डच'. मला हसू आलं. आपण बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहून 'दक्षिणी', आणि पुण्यात गेलं की "तुम्ही गुजराती का?"

मग त्या गृहस्थांनी भिंग दिलं आणि नळीच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिरप्या वळणात नाव कोरलेलं, अर्धं झिजलेलं. सही! पस्तीस वर्षं सह्या तपासण्यात गेली, त्यामुळे बघतच राहिलो. लँकॅस्टरचा जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) असा नळीवर नाव घालायचा. लहानपणी जर्मनीतून आलेलं पोर, पण त्याच्या बंदुका इतक्या गाजल्या की त्याचं नाव हेच बंदुकीचं नाव झालं. सही नसली तरी जाणकार डबीचा आकार आणि दस्त्याचा बाक बघून बंदूक कुठल्या भागातली ते सांगतात. तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'पुराणवस्तू' धरतात.

आता घरची गोष्ट. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात ओसरीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली असायची. खापरपणजोबा गायकवाडांच्या शिकारखान्यात कारकून होते, त्यांना मिळालेली. खंडेनवमीला वडील तिला तेल लावून हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे. नळीच्या मागच्या अंगाला काही अक्षरं होती, पण वर्षानुवर्षांच्या तेला-कुंकवाचं कीट चढलेलं. १९८४ साली वाडा विकला. मी घरातला थोरला, त्यात बँकेत अधिकारी. परवान्याची कटकट नको म्हणून ती पोलिसांकडे जमा करायचं मीच ठरवलं. आत्या म्हणाल्या, "अरे, ती अक्षरं तरी उतरवून घे." मी म्हटलं, "काय करायचंय आत्या आता?"

पावती अजून माझ्या फाइलीत आहे. गुजरातीत लिहिलंय: जुनी ठासणीची बंदूक, नग एक, नादुरुस्त. कागद चोख आहे, नोंदीत खोट काढता येणार नाही. पण बनवणाऱ्याचं नाव गेलं. ते देवनागरीत होतं की फारसीत, एवढंही मला सांगता येत नाही. आत्या गेल्या, वडील तर त्याआधीच गेले. त्या गृहस्थांनी विचारलं, "तुमच्याकडे होती का अशी एखादी?" मी नुसती मान हलवली.

म्हणून मंडळी, एक विनंती. घरात जुनं काही असेल, तलवार, अडकित्ता, समई, तांब्याचा हंडा, तर ठेवायचं की द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जागा लहान असतात, मला कळतं. पण देण्याआधी पाच मिनिटं काढा. कीट पुसा, कोरलेली अक्षरं वहीत उतरवा, मोबाइलवर फोटो काढा. आणि घरातली म्हातारी माणसं काही म्हणाली, तर "काय करायचंय" असं म्हणू नका.